बीएस्सी बायोटेकसाठी कर्ज काढावं का? पगार आणि हप्त्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला बारावी पीसीबीला ७१ टक्के आहेत. नीटचे गुण जागा मिळण्याइतके नाहीत. एका खासगी विद्यापीठात बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीला फी आणि वसतिगृह मिळून वर्षाला १ लाख ८० हजार खर्च आहे. त्यातले १ लाख २० हजार दरवर्षी बँकेकडून घ्यायचे आणि ६० हजार घरून भरायचे, असा विचार चालू आहे. जागा अडवण्यासाठी २५ हजार भरूनही झालेत. दुसरा पर्याय घरून जाऊन-येऊन करता येईल अशा अनुदानित महाविद्यालयातल्या बीएस्सीचा, तिथे फी वर्षाला १२ हजारांच्या आसपास आहे. वडिलांचा पगार ३२ हजार. पदवीनंतर मुलीला किती मिळतील आणि कर्ज फिटेल का?

तीन वर्षांच्या या पदवीसाठी ३ लाख ६० हजारांचं कर्ज काढू नका. मुलीला जीवशास्त्राची खरी आवड असेल तर अनुदानित महाविद्यालयात, विषय नीट निवडून बीएस्सी करू द्या. कर्ज काढायची तुमची जी काही ताकद आहे ती त्यापुढच्या पायरीसाठी राखून ठेवा. जीवशास्त्रात पगार बदलतो तो बहुतेक वेळा एमएस्सी, बीफार्म किंवा परवाना-नोंदणी मिळवून देणाऱ्या शिक्षणाने. नुसत्या बीएस्सीने तो फारसा हलत नाही, मग ती कितीही महागड्या इमारतीत केलेली असो. आता आकडे पाहू.

पगारापासून सुरुवात करू, कारण हप्ता त्यातूनच जायचा आहे. बीएस्सी झालेल्या मुलांना पहिली नोकरी साधारणपणे औषध किंवा अन्न कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल (क्यूसी) लॅबमध्ये, उत्पादन विभागात ट्रेनी म्हणून, मेडिकल कोडिंगमध्ये (उपचारांच्या नोंदी ठरावीक कोडमध्ये लिहिण्याचं काम) किंवा एमआर म्हणजे औषध कंपनीची विक्री प्रतिनिधी म्हणून लागते. समजा ऑफर लेटरवर वर्षाचा सीटीसी २ लाख ४० हजार लिहिलाय. ‘महिना वीस हजार’ असं घरी सांगितलं जातं आणि तिथेच हिशेब चुकतो. सीटीसीमध्ये कंपनीने भरायचे पैसेही धरलेले असतात. मूळ पगार १२ हजार धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,४४०, ग्रॅच्युइटीची तरतूद ५७७ आणि ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) ३.२५ टक्के म्हणजे साधारण ५६६ रुपये वीस हजारांतूनच जातात. उरलेला एकूण पगार १७,४१७. त्यातून मुलीच्या वाट्याचा पीएफ १,४४० आणि ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे १३१ कापले जातात. महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. पुरुष कर्मचारी असता तर महिना २०० रुपये तोही गेला असता. हातात येतात १५,८४६.

म्हणजे वीस हजारांचे पावणेसोळा हजार झाले. कँटीन आणि कंपनीच्या बसचे पैसे कापले जात असतील तर आणखी कमी. नोकरी वाळूज, कुरकुंभ, तारापूर किंवा लोटे परशुराम अशा औद्योगिक वसाहतीत असेल तर खोलीभाडं आणि मेस तिलाच भागवायची आहे. दोन-तिघींत खोली घेऊन, काटकसरीने राहूनही ११-१२ हजार सहज जातात. कँटीन-बससारख्या कपाती धरल्या तर महिन्याकाठी हप्त्याला उरतात तीन-साडेतीन हजार, आणि तेही आजारपण किंवा सणासुदीचा प्रवास नसलेल्या महिन्यात.

२ लाख ४० हजार हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय. तुमच्या भागातला खरा आकडा काढायचा असेल तर त्या महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच-सहा जणांना थेट विचारा: सीटीसी किती, हातात किती आणि नोकरी कंपनीच्या रोलवर आहे की कंत्राटदाराच्या? तिसरा प्रश्न विसरू नका. कंत्राटदाराच्या रोलवर असलेल्या मुलीचा अनुभव पुढची कंपनी कमी धरते आणि पगारवाढही तिला उशिरा मिळते.

आता कर्जाची बाजू. दरवर्षी सुरुवातीला १ लाख २० हजार असे तीन हप्ते बँक विद्यापीठाला देते. व्याजदर १० टक्के धरू. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, पण या काळात सरळव्याज चढत राहतं. पहिल्या वर्षाच्या रकमेवर चार वर्षांचं व्याज ४८ हजार, दुसऱ्या वर्षाच्या रकमेवर तीन वर्षांचं ३६ हजार, तिसऱ्या वर्षाच्या रकमेवर दोन वर्षांचं २४ हजार. एकूण १ लाख ८ हजार. हे व्याज मुद्दलात मिळवलं जातं, म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज ३ लाख ६० हजारांचं नसून ४ लाख ६८ हजारांचं असतं.

हे कर्ज सात वर्षांत फेडायचं तर हप्ता ७,७६९ रुपये येतो आणि एकूण साडेसहा लाख भरावे लागतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ६,१८५ आणि एकूण भरणा ७ लाख ४२ हजार. पंधरा वर्षांची कमाल मुदत घेतली तर हप्ता ५,०२९ वर येतो, पण एकूण भरणा ९ लाखांवर जातो. पंधरा वर्षांचा हप्तासुद्धा वर काढलेल्या तीन-साडेतीन हजारांत बसत नाही. उरलेला हप्ता वडिलांच्या ३२ हजारांतून जाणार, हे आधीच धरून चाला.

यात घरून जाणारे वर्षाला ६० हजार अजून धरलेलेच नाहीत. तीन वर्षांचे ते १ लाख ८० हजार. म्हणजे सात वर्षांच्या मुदतीनेही या पदवीची खरी किंमत सव्वाआठ लाखांच्या पुढे जाते. खासगी विद्यापीठाची पदवी परवडण्यासाठी तिचा पगार अनुदानित महाविद्यालयातून आलेल्या मुलीपेक्षा दरमहा निदान पावणेआठ हजारांनी जास्त हवा, आणि तोही सलग सात वर्षं. प्रत्यक्षात क्यूसी लॅबमध्ये दोघी एकाच ट्रेनी ग्रेडवर, एकाच पगारावर लागतात. कंपनी ग्रेड पाहते, किती फी भरली होती हे कोणी विचारत नाही.

उलट्या बाजूनेही हिशेब करता येतो आणि निर्णयासाठी तोच जास्त कामाचा आहे. तीन हजारांचा हप्ता सात वर्षं, १० टक्के दराने भरला तर सुमारे १ लाख ८० हजारांचं कर्ज फिटतं. हा आकडा हप्ता सुरू व्हायच्या दिवशीचा आहे. वरच्या उदाहरणात मूळ रक्कम व्याजामुळे १.३ पट झाली होती, म्हणून १ लाख ८० हजारांना १.३ ने भागा. उत्तर येतं सुमारे १ लाख ३८ हजार. नुसत्या बीएस्सीच्या पगारावर तीन वर्षांत मिळून काढता येण्यासारखं कर्ज इतकंच आहे. कुठल्याही महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर हा हिशेब लावून पाहा. मुलगी घरी राहून नोकरी करणार असेल तर हप्त्याची ताकद थोडी वाढते, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट हिशेबात हमखास सुटते. बायोटेक घेणारी बहुतेक मुलं पुढे एमएस्सीला जातात, कारण तिसऱ्या वर्षी त्यांना कळतं की संशोधन किंवा विकास विभागातल्या जागांना एमएस्सी मागतात. बँकेने पुढच्या शिक्षणासाठी हप्ता पुढे ढकलला तरी व्याज थांबत नाही. दोन वर्षांचे ७२ हजार आणखी चढतात. बीएस्सीचं कर्ज ५ लाख ४० हजारांवर पोचतं आणि त्यावर एमएस्सीचा खर्च वेगळा. अनुदानित महाविद्यालयातून गेलेल्या मुलीपाशी मात्र याच टप्प्यावर कर्ज शून्य असतं. शिवाय घरून जाणाऱ्या १ लाख ८० हजारांतले फी भागवून उरलेले पैसे वाचवले असतील तर सरकारी विद्यापीठातल्या एमएस्सीचा बराचसा खर्च त्यातच निघतो.

विषयांची निवड

अनुदानित महाविद्यालयात जा म्हटल्यावर लोक ‘मिळेल तो ग्रुप’ घेऊन मोकळे होतात. नोकरीची दारं कायद्याने आणि भरतीच्या नियमांनी ठरलेली असतात आणि पदवीच्या कागदावर कोणता विषय आहे, त्यावर ती उघडतात किंवा बंद होतात.

औषध कारखान्याचं उदाहरण घ्या. औषध नियमांतल्या नियम ७१ नुसार उत्पादन ज्याच्या देखरेखीखाली चालतं तो ‘सक्षम तांत्रिक कर्मचारी’ फार्मसीचा पदवीधर असावा लागतो किंवा रसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन झालेला विज्ञान पदवीधर (केमिकल इंजिनिअर आणि डॉक्टरही चालतात). फार्मसीवाल्याला अठरा महिन्यांचा अनुभव पुरतो, विज्ञानवाल्याला तीन वर्षांचा लागतो. लस, सिरम, इंजेक्शनं अशा उत्पादनांसाठी असलेल्या नियम ७६ मध्ये रसायनशास्त्राबरोबर मायक्रोबायोलॉजीही चालतं. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मेजर (मुख्य विषय) घेतलेली मुलगी त्याच कारखान्यात कामाला लागू शकते, पण मान्यताप्राप्त तांत्रिक व्यक्ती म्हणून तिचं नाव परवान्यावर चढत नाही. पगाराची पुढची उडी याच मान्यतेशी बांधलेली असते. नव्या शैक्षणिक धोरणात एकच विषय मेजर राहतो, त्यामुळे पूर्वीसारखं ‘तीन विषयांत रसायनशास्त्र होतंच की’ म्हणून भागत नाही.

अन्न सुरक्षा अधिकारी या सरकारी पदाचंही असंच आहे. पात्रतेच्या यादीत फूड टेक्नॉलॉजी, डेअरी, कृषी, पशुवैद्यक यांच्या जोडीला बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजीची पदवी आहे. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र नाही. इथे बायोटेकची बाजू वरचढ ठरते हे खरं, पण मायक्रोबायोलॉजी तेच दार उघडते आणि बऱ्याच अनुदानित महाविद्यालयांत ती कितीतरी कमी फीमध्ये आहे.

म्हणून माझा क्रम असा राहील: मायक्रोबायोलॉजी मेजर आणि रसायनशास्त्र मायनर (दुय्यम विषय) मिळत असेल तर ते पहिलं. ते नसेल तर रसायनशास्त्र मेजर आणि जीवशास्त्राचा एखादा विषय मायनर. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मेजर तेव्हाच घ्यावं, जेव्हा बीएड करून शिक्षक व्हायचं, वनसेवा किंवा इतर स्पर्धा परीक्षा द्यायच्या किंवा त्या विषयातच संशोधन करायचं, हे मुलीने मनाशी पक्कं केलंय. बीएडची आणखी दोन वर्षं, तिची सीईटी, मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी), आणि पवित्र पोर्टलवर भरती निघण्याची वाट, हा सगळा काळ बिनपगारी असतो. तोही हिशेबात धरा.

पॅथॉलॉजी लॅबबद्दल एक मोठा गैरसमज आहे. बीएस्सी बायोटेक किंवा प्राणिशास्त्र झालं म्हणून कोणी लॅब टेक्निशियन होत नाही. त्यासाठी मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची पदविका (डीएमएलटी) किंवा पदवी (बीएमएलटी) लागते आणि त्या संस्थेला महाराष्ट्र परावैद्यक (पॅरामेडिकल) परिषदेची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधीच तपासावं लागतं. पैसे आणि वर्ष खर्च झाल्यावर मान्यता नाही असं कळणारी मुलं दरवर्षी भेटतात. ‘सहा महिन्यांचा क्लिनिकल रिसर्च डिप्लोमा, शंभर टक्के प्लेसमेंट’ ही जाहिरातही त्याच पंक्तीतली आहे. पैसे भरण्याआधी गेल्या तुकडीतल्या दहा मुलांची नावं आणि कंपन्या मागा. दिल्या नाहीत तर विषय तिथेच संपवा.

प्लेसमेंटचे आकडे कसे वाचायचे

विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ‘सर्वाधिक पॅकेज’ छापलेलं असतं. त्याचा उपयोग शून्य. एनआयआरएफच्या (उच्च शिक्षण संस्थांच्या राष्ट्रीय) क्रमवारीसाठी अर्ज करणारी संस्था केंद्राला जो तक्ता देते तो संस्थेच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात टाकलेला असतो. त्यात ‘यूजी, तीन वर्षे’ अशी ओळ शोधा. पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, ठरलेल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक (मीडियन) पगार म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळतो तो आकडा किती आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, हे रकाने तिथे एका ओळीत मिळतात.

वाचताना तीन ठिकाणी सावध राहा. पहिलं, मध्यक पगार फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. २०० पैकी ३० जणांना नोकरी लागली असेल तर उरलेले १७० त्या आकड्यात कुठेच नाहीत. दुसरं, ही ओळ तीन वर्षांच्या सगळ्या पदव्यांची मिळून असते. बीसीए आणि बीबीएची मुलं त्यातच धरलेली असतात आणि आकडा बहुधा तीच वर ओढतात. बायोटेकचा वेगळा आकडा विभागप्रमुखाकडे लेखी मागा. तिसरं, उत्तीर्णांची संख्या प्रवेशाच्या संख्येशी ताडून पाहा. मधे खूप गळती असेल तर कर्ज घेऊन जाणाऱ्या मुलीला धोका दुप्पट, कारण पदवी अर्धवट राहिली तरी कर्ज राहतंच. संस्था एनआयआरएफमध्ये नसेल आणि आकडेही देत नसेल, तर आकडे सांगण्यासारखे नाहीत असं समजायला हरकत नाही.

प्रयोगशाळाही स्वतः पाहून या. क्यूसीच्या मायक्रोबायोलॉजी लॅबच्या मुलाखतीत जे विचारतात ते हाताने केलेल्याच मुलीला सांगता येतं: ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर १५ पौंड दाबाला किती मिनिटं, त्याची खात्री कोणत्या जिवाणूच्या बीजाणूंनी करतात, सोयाबीन केसीन डायजेस्ट अगारच्या प्लेट बॅक्टेरियासाठी ३० ते ३५ अंशांना आणि बुरशीसाठी २० ते २५ अंशांना का ठेवतात, पाण्याचा नमुना गाळून कसा तपासतात, एंडोटॉक्सिनची चाचणी कशी लावतात. अनुदानित महाविद्यालयातल्या जुन्या मायक्रोबायोलॉजी विभागात हे सगळं रोज होत असेल आणि खासगी विद्यापीठात वीस मुलांमागे एक मायक्रोपिपेट असेल, असंही घडतं. उलटही घडतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना बाजूला घेऊन विचारा, गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने किती प्लेट ओतल्या?

याच पैशांत दुसरं काय होतं

मुलीला पीसीबीतून लवकर कमाई हवी असेल तर बीएस्सीच्या आधी बीफार्म, बीएस्सी नर्सिंग आणि बीएस्सी ॲग्री पाहा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एससी-एसटी मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत. माफी सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांतही मिळते, मात्र खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत मिळत नाही. तुमचं उत्पन्न मर्यादेत आहे. त्या प्रवर्गात बसत असाल तर चार वर्षांचं बीफार्म तुम्हाला खासगी विद्यापीठातल्या तीन वर्षांच्या बायोटेकपेक्षा स्वस्त पडू शकतं, आणि शेवटी फार्मसिस्ट म्हणून नोंदणी हातात येते. बीफार्मचा प्रवेश मुख्यतः एमएचटी-सीईटीवर होतो. ती दिली नसेल तर एक वर्ष बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बसून सीईटी पुन्हा देणं, हा अनुदानित महाविद्यालयात कमी जोखमीचा मार्ग आहे. खासगी विद्यापीठात एका वर्षाला १ लाख ८० हजार मोजून तो कोणाला परवडणार?

बीएस्सीच ठरलं तर कर्जाआधी शिष्यवृत्त्या संपवा. केंद्राच्या शिष्यवृत्ती योजनेत बोर्डाच्या बारावीच्या निकालात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२ हजार मिळतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ७१ टक्के त्या रेषेच्या वर आहेत का, हे बोर्डाने जाहीर केलेल्या त्या वर्षीच्या कटऑफवरून पाहावं लागेल. राज्याच्या योजना महाडीबीटीवर आहेत आणि त्यातल्या अनेक खासगी विद्यापीठांना लागू नाहीत. ‘आमच्याकडेही स्कॉलरशिप आहे’ असं प्रवेश विभागाने सांगितलं तर ती सरकारी की त्यांची स्वतःची, आणि दुसऱ्या वर्षी कोणत्या गुणांवर टिकते, हे लेखी घ्या.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी आयआयटीची जॅम, बायोटेकसाठी गॅट-बी आणि विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा द्यायच्या. गॅट-बीतून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावर चालणाऱ्या एमएस्सीला प्रवेश मिळाला तर दरमहा विद्यावेतनही मिळतं. पुढे सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पीएचडीत १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आणि वर घरभाडं. तिथे पोचणारी मुलं थोडी असतात, त्यामुळे जेआरएफच्या भरवशावर आज कर्ज काढू नका. पण तिथे पोचायचा रस्ता अनुदानित महाविद्यालयातूनही तितकाच उघडा आहे. चौथ्या वर्षाच्या ऑनर्सचा प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या शेवटी येईल. संशोधनासह ऑनर्स त्याच विभागात करावं जिथे चालू प्रयोगशाळा आणि खरोखर काम करणारा मार्गदर्शक आहे. नाहीतर तीन वर्षांनी बाहेर पडून चांगल्या विद्यापीठात दोन वर्षांची एमएस्सी बरी.

थेट नोकरीकडे वळायचं असेल तर केंद्राच्या नॅट्स पोर्टलवर नाव नोंदवून वर्षभराची ॲप्रेंटिसशिप घ्यावी. २०१९ च्या नियमांनी पदवीधरांना किमान ९ हजार विद्यावेतन ठरवलं होतं. रक्कम लहान आहे, पण कंपनीचं प्रमाणपत्र आणि जीएमपीचा (औषधनिर्मितीच्या दर्जा-नियमांनुसार काम करण्याचा) अनुभव पुढच्या मुलाखतीत बोलतो. मात्र डोक्यावर ७,७६९ चा हप्ता असेल तर हे वर्ष घेताच येत नाही. कर्जाचं खरं नुकसान इथे दिसतं. मुलगी शिकवणारी नोकरी सोडून चार पैसे जास्त देणारी कुठलीही नोकरी धरते.

तरीही कर्ज घ्यायचंच असेल तर

कधीकधी जवळ अनुदानित महाविद्यालयच नसतं किंवा हवा तो विषय नसतो. मग कर्ज दीड लाखाच्या आत ठेवा आणि मंजुरीपत्र ओळ न् ओळ वाचा. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, त्रयस्थ जामीनदार लागत नाही आणि स्वतःचा वाटाही भरावा लागत नाही. पालक सहकर्जदार असतात, तेवढं पुरतं. शाखेत एफडी किंवा घराची कागदपत्रं मागितली तर कारण लेखी मागा. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तुमची संस्था आहे का, ते पोर्टलवर पाहा. ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते, पण यादीतल्या निवडक संस्थांनाच, आणि मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला असेल तर नाही. हप्ता सुरू होईपर्यंतच्या संपूर्ण व्याजमाफीची साडेचार लाख उत्पन्नाची योजना व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साधी बीएस्सी तिच्यात सहसा बसत नाही. एजंटने ‘व्याज सरकार भरतं’ म्हटलं तर हे लक्षात ठेवा.

मंजुरीपत्रात हप्ता कधी सुरू होतो ते बघा. पदवीनंतर एक वर्ष की नोकरी लागल्यावर सहा महिने, हे बँकेनुसार बदलतं. व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेला आहे का, तेही पाहा. कर्जाबरोबर विम्याची रक्कम जोडलेली दिसली तर तो ऐच्छिक आहे का विचारा आणि नको असेल तर काढायला लावा. तो कर्जात घातला की त्यावरही व्याज चढतं.

शिकतानाच व्याज भरत गेलात तर बराच फरक पडतो. ३ लाख ६० हजारांच्याच उदाहरणात पहिल्या वर्षी महिना १ हजार, दुसऱ्या वर्षी २ हजार आणि पुढची दोन वर्षं ३ हजार भरले तर हप्ता ७,७६९ ऐवजी ५,९७६ वर येतो आणि एकूण सुमारे साडेबेचाळीस हजार वाचतात. काही बँका असं व्याज वेळेवर भरणाऱ्याला एक टक्क्यापर्यंत सूटही देतात. बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नसतो, तेव्हा बोनस किंवा शेतीचे आलेले पैसे सरळ मुद्दलात टाका. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात मिळणाऱ्या वजावटीवर (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०ई) भिस्त ठेवू नका. ती फक्त जुन्या करपद्धतीत मिळते आणि तुमच्या उत्पन्नाला नव्या पद्धतीत कर लागतच नाही.

दुसऱ्या वर्षाचे पैसे बँक गुणपत्रिका पाहून सोडते. मुलीचं वर्ष गेलं तर शाखेला लगेच कळवून मुदतवाढ मागा, ती कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. न कळवता शिक्षण सोडलं तर वसुली सुरू होते, हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत गटात जातं आणि सहकर्जदार म्हणून वडिलांचाही सिबिल स्कोअर पडतो. मग घरातल्या दुसऱ्या मुलाच्या शिक्षणाला तीच बँक दारात उभं करत नाही.

राहिले भरलेले २५ हजार. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनुसार, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते. प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर ५ टक्के, तेही कमाल ५ हजार, कापता येतात. त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे काही नाही. काही वर्षी यूजीसी याहून सवलतीचं परिपत्रक काढते, या वर्षीचं आहे का ते पाहून घ्या. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायचा संस्थेला अधिकार नाही. विद्यापीठाची शेवटची तारीख आजच बघा, रद्द करण्याचा अर्ज ईमेलने पाठवा, त्याची छापील प्रत कार्यालयात देऊन पोच घ्या आणि पावतीवरचा क्रमांक अर्जात लिहा. तोंडी सांगितलेली तारीख पुढे कोणी मानत नाही.